पासलीच्या चौघी आणि दुसऱ्या चौघी

आमच्या घरातलं विरजण हौसाकाकीच्या माहेरचं होतं. लग्न होऊन ती पासलीला आली तेव्हा कानवल्यांच्या टोपलीत, केळीच्या पानानं तोंड बांधलेल्या गडूतनं तिनं ते आणलं म्हणे. त्यानंतर म्हशी बदलल्या, मडकी फुटली, दूध तर रोजचंच नवं, पण दही तेच, असं ती आल्यागेल्याला सांगायची. माझी आई म्हणजे तिची धाकटी जाऊ. ती चुलीशी बसून खालच्या आवाजात म्हणायची, "तेच हाय म्हणून तर एवढं आंबट हाय." हौसाकाकीला ते ऐकू जायचं. तिला सगळंच ऐकू जायचं. पण दह्यावरनं भांडायचं नाही, असा आमच्या घरात नेम होता. भांडायला बाकी पुष्कळ होतं.

हौसाकाकी म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. चुलत्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबा गरीब माणूस, बोलायचेच नाहीत. घरात बोलण्याचा जेवढा वाटा दोघांना मिळून असतो तेवढा सगळा काकीनंच उचलला होता, त्यामुळं त्यांचा इलाजच नव्हता. पहाटे जात्यावर नाचणी दळताना ती जी सुरू व्हायची ती रात्री भांडी पालथी घालेपर्यंत. म्हशीला बोलायची, चुलीतल्या ओल्या लाकडाला बोलायची, कढणात मीठ जास्त पडलं तर मिठाला बोलायची. आवाज मात्र असा, की समोर तोरण्याच्या उतारावर गुरं वळणारी माणसं म्हणायची, हौसाबाई उठल्या, आता ऊन पडंल.

या आवाजाचा उपयोग लग्नात व्हायचा. आता ते सगळं गेलं, म्हणून सांगते. तेव्हा आमच्याकडं लग्नाच्या दिवशी नवरीकडच्या बायका रुखवताच्या टोपल्या घेऊन नवरदेवाकडच्या बिऱ्हाडी जायच्या. टोपल्यांत लाडू, कानवले, कुरडया, पाटावर वळलेल्या शेवया. आणि जाताना, पोचल्यावर, टोपली उतरवताना गाणी म्हणायच्या. गाणी कसली, शिव्याच त्या! विहीणबाई कशी काळी, कशी आळशी, तिच्या घरात उंदीर कसे उपाशी निजतात, असं सगळं हसत हसत, तालात, तोंडावर. तिकडच्या बायकांनी त्याला तसंच उत्तर द्यायचं. रागवायचं नाही. रागावली ती हरली. आणि जिच्याकडची उत्तरं संपली त्या विहिणीनं समोरच्या विहिणीच्या तोंडात आपल्या हातानं गुळाचा खडा घालायचा. खडा एवढासा, पण त्याची गोष्ट जन्मभर पुरायची. नवरीची आई हरली की सासरी पोरीला भाकरी करपली तरी ऐकावं लागायचं, "बस गं, तुझ्या आयनं गूळ भरवलाय."

तर असल्या गाण्यांत पासलीच्या चौघींचा हात धरणारं सगळ्या वेल्ह्यात कुणी नव्हतं. हौसाकाकी, ठकूबाई, भागूबाई आणि सोनाबाई. गुंजवण्यापासून भोरपर्यंत त्यांना बोलावणं यायचं. नारळ आणि खण मिळायचा, वर जेवण. त्यांची रीत अशी, की दोघींनी अर्धं गाणं उचलायचं आणि दोघींनी उरलेलं अर्धं झेलायचं. हौसाकाकी आणि ठकूबाई उचलायच्या, भागूबाई आणि सोनाबाई झेलायच्या. उचललेलं अर्धं अगदी साधं असायचं, त्यात काही नाही. खरी टाचणी झेलात. उचल पडली की मांडव गप्प व्हायचा, आणि झेल पडला की फुटायचा.

त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं नाकाचं. कुठल्याशा लग्नात हौसाकाकीनं असंच उचललं,

"ईनबाईचं नाक बाई, आलं येशीपाशी..."

नाक वेशीपाशी आलं, आणि पुढं काय, हे तिलाच ठाऊक नव्हतं. हे तिनं स्वतः सांगितलेलं नाही, ठकूबाईनं सांगितलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत सोनाबाईनं झेललं,

"...ईनबाई मागनं येतीया, दुसऱ्या दिवशी!"

म्हणतात, त्या मांडवात एक म्हातारा हसता हसता बाजेवरनं पडला. त्यानंतर जिथं जातील तिथं लोक नाकाचंच मागायचे. विहिणीचं नाक बोंडाएवढं असलं तरी चालायचं. लहानपणी आम्ही पोरी ओढ्यात धुणं धुताना तेच म्हणायचो. एकमेकींच्या नाकाला साबण लावायचा आणि म्हणायचं.

परवा माझा नातू आला होता. त्याच्या बनियनवर, त्याला तो टीशर्ट म्हणतो, चार केसाळ माणसांचं चित्र होतं. मी विचारलं, हे रे कोण? तर म्हणाला, आजी, हा बँड आहे, परदेशातला, फार जुना, पुण्याला येणार आहेत. मग तोच सांगायला लागला, की या चौघांतला हा वारला, याचं आणि याचं भांडण झालं, दोघं निघून गेले, आणि आता हा एकच जुना, बाकी सगळे नवे घेतलेत. आणि नाव? नाव तेच. "आता तूच सांग आजी, हा तोच बँड म्हणायचा का? तिकीट काढायचं का नाही?" मी त्याला म्हणलं, बस इथं, लसूण सोल, सांगते. कारण बाबा, हे सगळं आमच्या घरात होऊन गेलंय. केस तेवढे आमच्याकडं विंचरलेले होते.

पहिली गेली ठकूबाई. म्हणजे वर नाही, भोरला. तिचा मुलगा एसटीत कंडक्टर लागला आणि आईला घेऊन गेला. ठकूबाई जाताना इतकी रडली, की एसटी अर्धा मैल गेली तरी तिचा हंबरडा ऐकू येत होता. आवाज हा असा भारी. मग भागूबाईचे पुढचे दात पडले. तीही भोरला, लेकीकडं गेली, दात बसवायला. आमच्या भागातली ती पहिली कवळी. बघायला लोक यायचे. कवळी उत्तम होती, नुसतं एक व्हायचं, की 'स' किंवा 'श' म्हटलं की शिट्टी वाजायची. "सुमे, शेवया शिजल्या का?" एवढं विचारलं की गल्लीतली कुत्री उठून उभी राहायची. (सुमी म्हणजे मी.) एका लग्नात तिनं झेल घेतला आणि वरातीचा घोडा निघायची खूण समजून चालायला लागला. ती शरमली आणि लेकीकडंच जाऊन राहिली.

उरल्या दोघी. सोनाबाईचं घर आमच्या घराला भिंतीला भिंत. दोघीच असल्या तरी निभलं असतं, एकीनं उचलायचं, एकीनं झेलायचं. पण एकदा पाणवठ्यावर कुणीतरी हौसाकाकीला म्हणालं, "काय गं बाई तुझं ते नाकाचं गाणं!" आणि सोनाबाईनं घागर खाली ठेवली.

"तिचं? तिचं कुठलं? तिचं निस्तं नाक. दुसरा दिस माझा हाय."

"नाकच नसतं तर दुसरा दिस कुणाच्या मागनं आला असता?" हौसाकाकी म्हणाली.

"तुझं नाक येशीपाशीच कुजत पडलं असतं. म्या पुढं नेलं."

झालं. त्या दिवसापासून बोलणं बंद. पण भिंतीला भिंत असताना बोलणं बंद ठेवणं सोपं नसतं. हौसाकाकीला सोनाबाईला काही सुनवायचं असलं की ती म्हशीजवळ जाऊन मोठ्यानं म्हणायची, "काय गं म्हसाबाई, काही माणसं दुसऱ्याचा शबुद चोरत्यात न्हाई का?" भिंतीपलीकडनं सोनाबाई आपल्या म्हशीला सांगायची, "काही जणींस्नी अर्धंच सुचतंय गं, उरल्याला लोकं लागत्यात." दोन्ही म्हशी बिचाऱ्या रवंथ थांबवून ऐकायच्या. मला वाटतं आमच्या म्हशीला ते आवडायला लागलं होतं. काकी परगावी गेली की ती दूध चोरायची.

एकदा मांजरानं आमचं विरजणाचं भांडं लवंडलं. सगळं गेलं. हौसाकाकी माणूस गेल्यासारखी ओट्यावर बसून राहिली. आईनं मला खुणेनं वाटी दिली आणि भिंतीपलीकडं पाठवलं. सोनाबाईनं वाटी भरून दिली आणि आपल्या म्हशीकडं बघून म्हणाली, "तिचंच हाय. नवी नवरी हुती तवा दिलं हुतं." काकीनं ते दही लावलं, दुसऱ्या दिवशी चाखलं, आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "आंबट केलंय मेलीनं." पण टाकलं नाही.

अशात मंजुळाचं लग्न ठरलं. मंजुळा हौसाकाकीची एकुलती लेक, माझ्याहून थोडी मोठी. आम्ही एका गोधडीत निजायचो. मुलगा भाटघरचा, निवांत, धरणाच्या कडंला शेती, चांगलं घर. आणि तो कोण, तर सोनाबाईचा सख्खा भाचा! ठरवणारे आबा आणि सोनाबाईचे मालक. घरातल्या बायकांचं बोलणं इतके दिवस बंद आहे, हे या दोघांना ठाऊकच नव्हतं. "बंद?" आबा म्हणाले. "मग रोज एवढा आवाज कशाचा येतो?"

सुपारी फुटली आणि थोड्याच दिवसांत ठकूबाईच्या कंडक्टर मुलाबरोबर भोरहून निरोप आला. नवऱ्याकडनं रुखवताला उत्तर द्यायला ठकूबाई, भागूबाई आणि नवऱ्याची आत्या म्हणून सोनाबाई येणार, चौथी ठकूबाईची सून. निरोप असा होता, "ईनबाईला सांगा, पासलीच्या चौघी येत्यात."

हौसाकाकी शेवया वळत होती. हातातली शेवई तुटली. "चौघी येत्यात?" ती म्हणाली. "मग आमी कोण?"

हा प्रश्न मग सगळ्या गावाला पडला. पाणवठ्यावर, दुकानात, देवळाच्या पायरीवर दुसरं बोलणं नाही. कुणी म्हणे, तिकडं तिघी जुन्या, म्हणजे तिकडच्याच खऱ्या. कुणी म्हणे, नाव पासलीचं आणि त्या येणार भोरच्या ट्रकातनं, हे कसं? दुकानदार म्हणाला, बैलगाडीचं एक चाक तुमच्याकडं आणि साटा-जू त्यांच्याकडं, गाडी कुणाची? त्यावर आई म्हणाली, "चालंल त्याची. तुमचा गूळ काढा आधी, माशा बसल्यात."

हौसाकाकीला तीन जणी हव्या होत्या. तिनं घरातच हात घातला. एक मी. एक माझी आई, जिचा आवाज फक्त वासरांना कळायचा. आणि तिसरी शाळेतल्या मास्तरांची बायको, मास्तरीणबाई. त्या शहराकडच्या, हार्मोनियम शिकलेल्या, भारी हौशी. काकी आणि मी उचलायचं, आई आणि मास्तरीणबाईंनी झेलायचं, असं ठरलं. परसात आमचा सराव चालायचा. मला फार हसू यायचं. शिवी तोंडात यायच्या आधीच मी हसून मोकळी. आईला एकही झेल ध्यानात राहीना. काही उचललं की ती ठसक्यात म्हणायची, "व्हय गं बाई व्हय!"

"अगं जाऊबाई, गाणं हाय ते," काकी कपाळावर हात मारून घ्यायची. "साक्ष देयाला उभं केलंय का तुला?"

मास्तरीणबाईंचा आवाज गोड, तालाला पक्क्या. पण त्यांच्या तोंडून शिवी येईना. काकी उचलायची, "ईनबाई आली गं, धुरळा उडवीत..." आणि मास्तरीणबाई डोळे मिटून झेलायच्या, "...आपणांस पाहून झालो, आम्ही आनंदित!" काकी माझ्याकडं बघायची, मी म्हशीकडं बघायची.

त्यात आणखी एक पेच. नवऱ्याची आई, सरूबाई, होणाऱ्या सुनेला भेटायला आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी पाहिलं. बाई उंच, करारी, बोलायला मोजकी, आणि नाक... देवानं चारचौघींचं एकत्र करून तिला दिलं होतं. ती दारात उभी राहिली तेव्हा काकीच्या तोंडाचा नुसता चंबू झाला. ती गेल्यावर आबा जन्मात पहिल्यांदा एवढं बोलले. "हे बघ, काय बी म्हण, पर नाकाचं म्हणायचं न्हाई. बाई तापट हाय म्हणत्यात. लगीन मोडंल." काकीनं दिव्यावर हात ठेवून शब्द दिला. आणि तिचं सगळ्यात मोठं हत्यार गेलं.

मंजुळा मला गोधडीत म्हणाली, "सुमे, आय हरली तर मला तितं जलमभर गुळाची लेक म्हणतील गं. तू हसू नगंस." मी शपथ घेतली. आणि तेव्हाच हसू आलं.

लग्नाचा दिवस वैशाखातला. भाटघरचं वऱ्हाड ट्रक करून आलं आणि त्यांना शाळेत उतरवलं. आमच्या टोपल्या निघाल्या. पुढं हौसाकाकी, हिरवं लुगडं, डोक्यावर कानवल्यांची टोपली, चेहरा लढाईला निघाल्यासारखा. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर सरूबाई मधोमध बसलेली. तिच्या डाव्या अंगाला त्या तिघी आणि ठकूबाईची सून. ठकूबाईनं डोळ्याला काळा चष्मा लावला होता. भोरला गेल्यापासून ती जरा सुधारली होती. हौसाकाकीनं तिच्याकडं बघितलं नाही, तिनंही हिच्याकडं बघितलं नाही, आणि दोघी जणी हे सगळं बघत होत्या. सगळं गाव खिडक्यांना लटकलेलं.

आमच्या टोपल्या उतरायच्या आतच पहिली उचल त्यांनी केली. ठकूबाईचा तो भरलेला आवाज,

"पासलीच्या मांडवाला पंखा न्हाई लाईट..."

आणि भागूबाई, सोनाबाईनं झेललं,

"...ईनबाईनं लाडू केले, दगडावानी टाईट!"

लोक हसले. हौसाकाकी पुटपुटली, "लाईट आन् टाईट! भोरच्या बाजारातनं आणलंय." मग तिनं आमची उचल केली. मीही तिच्याबरोबर उचलली, हसले नाही, शपथ,

"भाटघरला पाणी लई, धरण भरलं काठोकाठ..."

झेलायचं होतं, 'ईनबाईला न्हायाला, सवड न्हाई दिवस आठ.' आई ऐटीत म्हणाली, "व्हय गं बाई व्हय!" आणि मास्तरीणबाई, गोड सुरात, "...आपल्या पुण्याईची, बघा केवढी मोठी लाट!"

पलीकडची एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "शिवी दिली का आभार मानलं गं?" दुसरी म्हणाली, "मला वाटतं आशीर्वाद हाय." सरूबाईनं मान थोडी हलवली, तिनं तर चक्क नमस्कार केला.

असंच चाललं. पण हळूहळू एक गोष्ट मला दिसायला लागली. तिकडचंही नीट चाललं नव्हतं. आवाज त्यांचा, झेल त्यांचा, शिट्टीसुद्धा त्यांची; पण उचलायला नवं काही नाही. उचलीचे शब्द जुळवणारी आमच्याकडं होती. ठकूबाई जुनीच गाणी काढत होती, तीही दुसऱ्यांच्या लग्नातली. एकदा तर तिनं उचललं, "गुंजवण्याच्या ईनबाईचे..." आणि जीभ चावली. आमच्याकडं उचल जोरात आणि खाली कुणी नाही. त्यांच्याकडं झेलायला दोन खंद्या बायका आणि वरनं काही पडेना. दोन्हीकडच्या चौघी मिळून एका विहिणीला धड शिवी देता येईना. लोक खिडक्या सोडून जेवणाचं बघायला निघाले. दुकानदार मोठ्यानं म्हणाला, "दोन्ही खोट्या निघाल्या की रं!"

मी काकीकडं बघितलं. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. पाठीमागं, बायकांच्या गर्दीत, हळदीनं पिवळी झालेली मंजुळा उभी, नवरीनं यायचं नसतं तरी आलेली. काकीचे शब्द संपले होते. सरूबाईच्या शेजारी गुळाची वाटी ठेवलेली होती. आमच्या बाजूची एक बाई हळूच म्हणाली, "घ्या हौसाबाई, खडा उचला. त्यात काय एवढं."

काकीनं हात पुढं केला. वाटीवर वाकली. आता वाकल्यावर समोर काय, तर सरूबाईचं नाक! वीतभर अंतरावर. मला वाटतं त्या क्षणी तिला आबा आठवले नाहीत, दिवा आठवला नाही, काही आठवलं नाही. तिच्या गळ्यानंच ते केलं.

"ईनबाईचं नाक बाई, आलं येशीपाशी..."

दारात आबा खाली बसले. आईनं तोंडाला पदर लावला, मास्तरीणबाईंना हे गाणं ठाऊकच नव्हतं. आमच्या बाजूनं झेलणारं कुणी नव्हतं.

आणि समोरनं, सरूबाईच्या अगदी डाव्या कानाशी, दोन आवाज एकदम, खणखणीत, शिट्टीसकट,

"...ईनबाई मागनं येतीया, दुसऱ्या दिवशी!"

भागूबाई आणि सोनाबाई! स्वतःच्याच विहिणीला! सोनाबाईनं तर आपल्या सख्ख्या भावजयीला! इतकी वर्षं हौसानं उचललं की त्यांनी झेललं होतं. त्यांना कोण कुठल्या बाजूला बसलंय हे आठवायला सवडच झाली नाही. झेलून झाल्यावर भागूबाईनं तोंडावर हात दाबला, पण 'दिवशी'तली शिट्टी अजून शाळेच्या पत्र्याखाली घुमत होती. बाहेर कुत्री भुंकली.

सगळ्यांचे डोळे सरूबाईवर. ती सोनाबाईकडं वळली. हळूच तिनं आपल्या नाकाला हात लावला, असा, शेंड्यापर्यंत, म्हणजे त्याला जरा वेळ लागला. आणि म्हणाली,

"बरुबर हाय. आज निस्तं नाकच आलंय. म्या उद्या येती. तवर पंगत थांबवू नगा."

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी शपथ मोडून जमिनीवर पडले होते. एवढं आठवतं, की लोक परत खिडक्यांना लटकले. ठकूबाईनं काळा चष्मा काढून सुनेच्या हातात दिला, सतरंजीवरनं उठून आमच्या बाजूला आली, हौसाकाकीच्या खांद्याला खांदा लावून बसली, आणि दोघींनी उचलायला सुरुवात केली. भागूबाई, सोनाबाई समोरनंच झेलायला लागल्या. कधी सरूबाईला, कधी हौसाकाकीला, कुणाची विहीण हे बघायचं कुणी ठेवलंच नाही. हौसाकाकी स्वतःलाच शिव्या उचलत होती आणि सोनाबाई फार मनापासून झेलत होती. मास्तरीणबाई मध्येच "आनंदित!" म्हणायच्या. आईला अखेर तिची जागा सापडली; प्रत्येक झेलानंतर ती एकटी म्हणायची, "व्हय गं बाई व्हय!" आणि त्यावर सगळा व्हरांडा म्हणायचा, "व्हय गं बाई व्हय!"

शेवटी गुळाचा प्रश्न आला. आबांचं म्हणणं, आपल्या बाजूला झेल आला नाही, तेव्हा आपण हरलो. नवऱ्याचे वडील म्हणाले, आमच्याच बायकांनी आमच्या बाईला नाक दाखवलं, तेव्हा आम्ही हरलो. दोघेही भले, दोघेही हरायला तयार. जिंकायला कुणी मिळेना. सरूबाईनं मग वाटी उचलली आणि सगळ्यात मोठा खडा सोनाबाईच्या तोंडात कोंबला. "वन्सं, तुमी माझ्याकडच्या का तिच्याकडच्या ते मागनं सांगा. आधी ह्यो खावा आन् गप बसा." आणि दुसरा खडा तिनं हौसाकाकीपुढं धरला, हौसाकाकीनं तिच्यापुढं धरला, दोघींची तोंडं एकदम भरली, आणि त्या लग्नात पहिल्यांदा शांतता झाली. तेवढ्यात मुहूर्त साधून घेतला.

मंजुळाला सासरी कधी कुणी गुळाची लेक म्हटलं नाही. उलट सरूबाई पाहुणे आले की स्वतःच नाकाला हात लावून ते गाणं उचलायची आणि सुनेला झेलायला लावायची. मंजुळा आधी लाजायची, मग पटाईत झाली. भाटघरला अजून म्हणतात, नाक त्यांच्या घरचं आणि गाणं आमच्या घरचं.

नातवाला मी एवढं सांगितलं, की बाबा, जुने किती उरले ते मोजू नकोस. वर उचललं की खालनं कुणी झेलतंय का, तेवढं बघ, मग तो स्टेजवर असो नाहीतर गर्दीत. तो म्हणाला, "भारी आजी!" मग मोबाईल बघितला आणि म्हणाला, "पण तिकिटं संपली." लसूण मात्र सगळा सोलून झाला होता.

तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ट्रक निघाला. मंजुळा रडली, मी रडले, ठकूबाई रडली तेव्हा बैल बुजले. सोनाबाई भाच्याबरोबर चार दिवस भाटघरला गेली. परत आली तेव्हा मी दारातच बसले होते. हातात वाटी घेऊन ती आमच्या उंबऱ्याशी उभी राहिली. म्हशीकडं बघितलंसुद्धा नाही.

"हौसा, विरजण हाय का? माझं सासूनं नासवलं."

काकी आतनं आली. वाटी घेतली, काठोकाठ भरली, परत दिली, पण हात सोडला नाही. "नेयाचं तर ने," ती म्हणाली, "पर नाक माझं."

"नाक तुझंच हाय," सोनाबाई म्हणाली. "दुसरा दिस माझा."

"तुझा."

त्या दिवसापासून दोघी भिंतीवरनं सरळ बोलायला लागल्या, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. गावात आता चौघी कुणाच्या, हा प्रश्न राहिला नाही. पंचाईत झाली ती म्हशीची. तिच्याशी कुणी बोलेना. बिचारी दावणीतनं मान वळवून वळवून भिंतीकडं बघायची, आणि कितीतरी दिवस दूध देईना, शेवटी आईच रोज धारेला बसताना तिला सांगायला लागली, "व्हय गं बाई व्हय."